पापणीबाईंचे हात

तिला खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस अख्ख्या विभागात एकच होता, हजेरीपटावर सही घेणारा कारकून. बाकीच्यांसाठी ती पापणीबाई. नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं, बाईंचे डोळे एके काळी फार सुंदर असतील म्हणून हे नाव पडलं असणार. डोळे काही वाईट नव्हते. पण नावाचं मूळ निराळंच होतं, आणि तिथपर्यंत पोचायचं तर काचेच्या दुकानापासून सुरुवात करायला हवी.

तिच्या वडिलांचं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. पुढे अरुंद फळकूट, मागे लाकडाच्या भुशाचा वास, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचांच्या तावदानांत दिवसभर रस्त्यावरची माणसं उलटसुलट चालत असायची. आई लवकर गेली होती. त्यामुळे शाळा सुटली की ती तडक दुकानात. दहाव्या वर्षी तिने पहिली काच कापली, आणि वडिलांनी गिऱ्हाइकासमोर एवढंच म्हटलं, "हिच्या हातात घाई नाही." हे त्यांच्या तोंडून म्हणजे फार झालं.

बाविसाव्या वर्षी एका दुपारी ती कुणा माजी प्राध्यापकांची तसबीर पोचवायला विद्यापीठाच्या इमारतीत गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पांढऱ्या कोटातला एक किडकिडीत माणूस पकडीने जाड काचेची पट्टी फोडत होता. जमिनीवर नुसता चुरा. दर वेळी काच भलतीकडे तडकायची आणि तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा. तसबीर छातीशी धरून ती पाच मिनिटं उभी राहिली. मग तिला राहवेना.

"काच अशी नाही फुटत."

त्याने मान वर केली. "मग कशी फुटते?"

"तिला आधी ठरवू द्यावं लागतं. आपण घाई केली की ती वाटेल तिकडे पळते."

तिने तसबीर खुर्चीत ठेवली, पट्टीवर एक बारीक रेघ ओढली, पकडीने दोन्ही बाजूंना सारखा दाब दिला आणि नुसती थांबली. पकड घट्ट, हात स्थिर, श्वास रोखलेला. बऱ्याच वेळाने आतून एक चीर सरळ धावत गेली आणि पट्टीचे दोन तुकडे झाले, धार अशी की बघतानाच बोट चुरचुरावं. तिने उभ्या उभ्या सहा तुकडे करून दिले. त्या माणसाने प्रत्येक धार सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि शेवटी म्हणाला, "बसा."

हे सर. मज्जातंतूंच्या पेशी आतून कशा असतात हे बघण्यात त्यांचा जन्म चालला होता. त्या पेशी इतक्या पातळ कापाव्या लागत की एका केसाच्या जाडीत हजार काप निघावेत, आणि असा काप घ्यायचा तर पोलादाची सुरी कुचकामी. ताजी फोडलेली काचच हवी. महिन्याभरात तिला तिथे नोकरी लागली.

"काच फोडायची नोकरी?" वडील म्हणाले. "आपण जन्मभर ती फुटू नये म्हणून जिवाचं रान करतोय."

काच तिला येत होती. बाकीचं सगळं नवं होतं. पेशींचा कण तांदळाच्या दाण्याहून लहान, राळेच्या ठोकळ्यात घट्ट बसवलेला. यंत्राचा दांडा वर-खाली व्हायचा, ठोकळा काचेच्या धारेला चाटून जायचा, आणि निघालेला काप धारेमागच्या इवल्याशा पाण्यावर तरंगायचा. त्या कापाची जाडी रंगावरून ओळखायची. जांभळा दिसला तर फार जाड, सोनेरी असेल तर चालवून घेऊ, रुपेरी आला तर देव पावला. असे रुपेरी काप एकामागोमाग एक जोडले जाऊन पाण्यावर पट्टी व्हायची. ती पट्टी ढकलून तांब्याच्या बारक्या जाळीवर घ्यायची. आता इतकी नाजूक वस्तू ढकलणार कशाने? सुई लावली तर फाटणार, दोरा लावला तर चिकटणार. त्यासाठी पापणीचा एक केस काडीच्या टोकाला नखांच्या रंगाने चिकटवायचा. तो टोकाला निमुळता, लवचिक, बरोबर हवा तेवढा.

सरांच्या पापण्या विरळ, त्यामुळे काम सदैव अडलेलं. तिने आल्या दिवशी आरशासमोर उभं राहून स्वतःचे दोन केस उपटले आणि काड्या तयार केल्या. संध्याकाळपर्यंत तिचं बारसं झालं होतं. पुढे तर अशी चाल पडली की विभागात कुणाची पापणी गळाली की ती कागदात गुंडाळून तिच्या टेबलावर यायची. हिशेबनीस बाईंच्या पापण्या उत्तम, शिपायाच्या राठ. लग्नानंतर नवऱ्याच्या पापण्याही तिने सोडल्या नाहीत. तो शाळेत भूगोल शिकवायचा, स्वभावाने गरीब; म्हणायचा, "घे बाई, पण एका डोळ्याच्या सगळ्या नको काढूस, वर्गात पोरं हसतात."

त्या दिवसांची आठवण निघाली की तिला आधी शांतता आठवते. खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, दारावर तिच्या अक्षरातली पाटी: "कापणं चालू आहे." यंत्राची टक, टक. पाण्यावर हळूहळू लांबत जाणारी रुपेरी रेघ. बाहेर जगात काय चाललंय याचा पत्ता नसायचा, आणि त्याचं वाईटही वाटायचं नाही.

पण सर सुखी नव्हते. तळघरातल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या हिरव्या पडद्यावर तिचे काप सुंदर दिसायचे. पेशीची भिंत, तिच्या आतल्या पिशव्या, सगळं स्पष्ट. फक्त मज्जातंतूच्या लांब शेपटीत जिथे नळ्या दिसायला हव्यात तिथे नुसता कापसासारखा गाळ. दुसऱ्या प्रयोगशाळांच्या छायाचित्रांत त्या नळ्या शेजारी शेजारी ओळीने उभ्या असायच्या. सरांच्या नशिबी गाळ. दोन वर्षं त्यांनी रसायनं बदलली, राळ बदलली, एकदा तर सूक्ष्मदर्शकच बिघडलाय म्हणून कंपनीच्या माणसाशी भांडले.

सरांचा एक नियम मात्र कधी बदलला नाही. तुकडा जनावराच्या अंगातून निघाला की सरळ बर्फात. "ताजं ठेवायचं तर थंड ठेवायचं," हे त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं. रोज सकाळी कारखान्यातून बर्फाची लादी यायची आणि पोत्यात फोडली जायची.

एकदा सर परिषदेला परगावी गेले, आणि नेमका त्याच दिवशी बर्फाचा कारखाना बंद पडला. एका विद्यार्थिनीने उंदराच्या मज्जातंतूचा तुकडा काढून हातात धरलेला, बर्फाची पेटी कोरडी. ही विद्यार्थिनी हुशार होती, पण डोळ्यांत पाणी कायम तयार. सगळे तिला रडकीच म्हणत.

"बाई, गेलं सगळं! सर मला मारून टाकतील."

"आधी डोळे पूस, पाणी त्यात पडेल," ती म्हणाली. "मला एक सांग. तो उंदीर जिवंत असताना गरम होता की गार?"

"गरमच की."

"मग आपण त्याच्या तुकड्याला एकदम बर्फात का बुडवतो?"

रडकीने नाक ओढलं. "सरांनी सांगितलंय म्हणून."

"सर इथे नाहीत."

तिने चहाच्या शेगडीवर पाणी कोमट केलं, त्यात रसायनाची बाटली ठेवली, आणि तान्ह्या मुलाचं दूध बघावं तसं ते कोमट पाणी मनगटावर टाकून बघितलं. अंगाला ना गरम लागलं, ना गार. तुकडा त्या बाटलीत गेला. पुढचे सोपस्कार व्हायला आठवडा लागला. मग तिने काप काढले, दोघी तळघरात गेल्या, आणि हिरव्या पडद्यावर वर्तुळं उगवली. लहान, गोल, पोकळ, आडवा चिरलेला बोरू दिसावा तशी. एक नाही, दहा नाही, शेपटीभर.

रडकी अर्थातच रडली.

सर परत आले तेव्हा बर्फाची गोष्ट कानावर पडताच त्यांचा पारा चढला. "बर्फाशिवाय? मला न विचारता?" तिने छायाचित्र पुढे सरकवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकदम उठून कपाटाकडे गेले आणि जुनी नियतकालिकं उपसायला लागले. तासाभराने बाहेर आले ते ओशाळलेल्या चेहऱ्याने.

"इथे लिहिलंय," ते म्हणाले. "एका ओळीत. गारठ्याने या नळ्या विरघळतात. लेख माझ्या कपाटात होता. एक ओळ वाचली नाही म्हणून मी दोन वर्षं बर्फ विकत घेतला."

आणि ते हसायला लागले. ते इतके हसले की हिशेबनीस बाई बघायला आल्या. त्यांच्या लेखाच्या शेवटी आभारात तिचं नाव छापून आलं, तेही एक अक्षर चुकवून. वडिलांनी त्या पानाला चौकट केली.

त्यानंतर सर तिला शेजारी बसवून समजावून सांगायला लागले. म्हणाले, कण्याजवळ एक पेशी असते, आणि तिची शेपटी थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. पेशीला जे काही लागतं ते जवळजवळ सगळं वर, तिच्या पोटात तयार होतं. ते टोकापर्यंत पोचवायचं कसं? तर या नळ्यांवरून. नळ्या म्हणजे पेशीच्या आतल्या सडका. त्यांच्यावरून माल वाहणारे रेणू अक्षरशः पावलं टाकत जातात, आणि परतताना रिकामे येत नाहीत, टोकाकडचा कचरा घेऊन येतात. मेंदूतही हेच. एक पेशी दुसरीला निरोप देते, आपण आठवतो, विसरतो, हात हलवतो, त्या सगळ्यामागे ही वाहतूक आहे.

"आणि अंगठ्यापर्यंत पोचायला किती दिवस लागतात?" तिने विचारलं.

"जलद माल दोन-तीन दिवसांत पोचतो. पण काही माल फार संथ, दिवसाला एखादा मिलिमीटर. त्याला वर्षं लागतात, दोन म्हणा, तीन म्हणा."

ती आपल्या चपलेकडे बघत राहिली. "म्हणजे आज माझ्या अंगठ्यात जे पोचलंय ते निघालं तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं?"

सरांनी बोटांवर वर्षं मोजली. "तसंच काहीसं," ते म्हणाले.

वर्षं सरली. वडील गेले, दुकान गेलं. उशिरा का होईना, एक मुलगी झाली. तिच्या पापण्या अशा लांब की विभागाची चंगळ झाली. सर निवृत्त झाले. काचेच्या जागी हिऱ्याची सुरी आली, पण ती चालवणारे हात तेच राहिले. आणि रडकी शिकून सवरून त्याच विभागाची प्रमुख झाली. आता तिला रडकी म्हणायची हिंमत एकट्या पापणीबाईंचीच, तीही दार लावून.

प्रमुखबाईंचं काम विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या मेंदूवर होतं, ज्यांना शेवटी घरचे चेहरेही ओळखू येत नाहीत अशांच्या. मृत्यूनंतर घरच्यांनी दिलेल्या मेंदूंचे कण ठोकळ्यांत बसवून येत. पापणीबाईंनी असे पुष्कळ कापले. निरोगी पेशीत नळ्यांना आधार देणारं एक प्रथिन असतं. या मेंदूंत ते जागेवरून सुटून गुंत्यासारखं एकत्र झालेलं दिसे, आणि सडका विरळ. कोणत्याच ठोकळ्यावर नाव नसे, फक्त आकडा आणि वय. कापायला घेण्याआधी ती ते वय एकदा मोठ्याने वाचायची. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तिला पन्नासावं लागलं त्या वर्षी छातीत गाठ निघाली.

शस्त्रक्रिया झाली. मग औषध सुरू झालं, दर तीन आठवड्यांनी शिरेतून. तरुण डॉक्टर समजावून सांगत होता, "पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा करतात. हे औषध त्या नळ्या थिजवून टाकतं, हलू देत नाही. म्हणजे गाठीच्या पेशी वाढत नाहीत."

"त्या नळ्या ओळखते मी," ती म्हणाली.

डॉक्टरला वाटलं, बाई औषधाच्या गुंगीत आहेत.

दुसऱ्या मात्रेनंतर पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. चौथ्यानंतर हातांना. झगा घालताना बटण सापडेना, गरम कप हातातून निसटला, आणि एका सकाळी मुलीची वेणी घालताना तिच्या लक्षात आलं की पेड हातात आहेत की नाहीत हे तिला बघावं लागतंय. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सर्वात लांब सडका आधी बंद पडतात. माल वर तयार होतोय, खाली पोचत नाही. तिने ते सगळं हिरव्या पडद्यावर बघितलेलं होतं, इतकंच की तेव्हा ते दुसऱ्याचं होतं.

डॉक्टर म्हणाला, "अजून दोन मात्रा आहेत. त्रास फार असेल तर कमी करता येतील. पण पूर्ण झाल्या तर मला जास्त बरं वाटेल."

"पूर्ण घेतल्या तर बोटं अशीच राहतील?"

"बऱ्याच जणींची हळूहळू सुधारतात. काहींची नाही. खात्रीने नाही सांगता येणार."

बाहेर बाकावर नवरा बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने तिचा हात हातात घेऊन एकेक बोट दाबलं. तिला ते नुसतं दिसत होतं.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

"पूर्ण घेऊ. पोरगी अजून शाळेत आहे."

"आणि काम?"

"काम काय, शिकेल कुणीतरी." हे तिने असं म्हटलं जणू कपड्यांना इस्त्री करण्याबद्दल बोलतेय. घरी आल्यावर कप विसळताना मात्र नळाचं पाणी गार आहे की कोमट हे तिला कळेना, आणि तिथे ती पाणी वाहतं ठेवून बराच वेळ उभी राहिली.

त्या वर्षी विद्यापीठाचं यंत्रशाळेचं दालन बंद झालं होतं आणि तिथला लेथवाला कामाविना बसून होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा, तळवे पाटासारखे, आवाज गिरणीसारखा. प्रमुखबाईंनी त्याला काम शिकायला वर पाठवलं. पहिल्याच दिवशी त्याने सुस्कारा सोडला आणि पाण्यावरची पट्टी उडून सुरीच्या कडेला चिकटली.

"श्वास बाजूला सोडा," ती म्हणाली. "इथे म्हशीसारखा फुत्कार नको."

"बाजूला म्हणजे कोणत्या?"

"ज्या बाजूला माझं काम नाही त्या."

अडचण अशी होती की आपण काय करतो हे तिला सांगता येत नव्हतं. जन्मभर केलं होतं, बोललं कधीच नव्हतं. ती म्हणायची, "हळू." तो म्हणायचा, "हळू म्हणजे किती? माझ्या लेथवर हळूला आकडा असतो." ती चिडायची, तो शांतपणे वाट बघायचा. शेवटी एक दिवस ती डोळे मिटून खुर्चीत बसली आणि नुसत्या हवेत काप काढायला लागली. बोटांना काही लागत नव्हतं; तरी हात बरोबर जात होते, मनगट वळत होतं, अंगठा थांबत होता. तिने डोळे किलकिले करून स्वतःचे हात परक्याचे असावेत तसे न्याहाळले आणि बोलायला लागली. "आधी मनगट टेकवलं. मग पापणी पट्टीच्या मागून आणली, वरून नाही. मग थांबले. तीन ठोके थांबले."

लेथवाल्याने खिशातून पेन्सिल काढली. "आता कसं," तो म्हणाला. "आता आकडा आला."

चार महिने हे चाललं. तिच्या डोक्यावर रुमाल, अंगात ताकद नाही, तरी सकाळचे दोन तास ती यायचीच. तिला पुढे वाटायचं, आपण ते काम खरं शिकलो ते तेव्हाच. मग एका सकाळी पाण्यावर रुपेरी पट्टी लांबायला लागली. दोन काप, पाच, बारा. लेथवाल्याचा श्वास इतका रोखलेला की चेहरा लाल झाला.

"सोडा आता," ती पुटपुटली. "बाजूला."

प्रमुखबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि दम भरला, "याची बाहेर वाच्यता नको."

ती बरी झाली. गाठ परत आली नाही. बोटांना मात्र दीड-दोन वर्षं लागली. उजवा हात आधी जागा झाला, एक दिवस बटणाची भोकं बोटाला लागली आणि ती तशीच उघड्या गळ्याने नवऱ्याला सांगायला धावली. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं आजही मुकी आहेत. निवृत्तीपर्यंत ती लेथवाल्याच्या शेजारच्या यंत्रावर बसली, सोपे ठोकळे तिचे, अवघड त्याचे, आणि याचं तिला कधी कमीपण वाटलं नाही.

सर गेले. मुलगी दूर गावी इमारतींचे आराखडे काढते. नवरा बागेतल्या चार कुंड्यांचा नकाशा करतो. ती एकाहत्तर वर्षांची आहे, आणि तिच्या स्वप्नांत अजूनही पंखा बंद असतो.

लेथवाल्यालाही खरं तर घरी बसायचं वय केव्हाच आलं होतं. पण त्याच्यासारखे हात मिळेनात म्हणून प्रमुखबाईंनी, आणि त्यांच्या नंतर आलेल्यांनी, त्याला सोडलं नाही. अडलं की तो फोन करतो. "बाई, पट्टी वाकडी चाललीय." ती म्हणते, "ठोकळ्याच्या वरची-खालची कड सारखी नाही, तासून घ्या." "बाई, काप सुरकुततायत." "सुरी बदला. की नवी मागायची लाज वाटते?" न बघता, नुसत्या ऐकण्यावर.

मागच्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. तिने विचारलं, "पट्टी वाकडी?"

"नाही, सरळ आहे."

"रंग?"

"रुपेरी."

"मग अडलंय कुठे?"

पलीकडे यंत्राची टक टक थांबली.

"अडलं नाही कुठे," लेथवाला म्हणाला. "आज इथे कुणीच नाही. पट्टी फार छान आलीय. म्हटलं, कुणाला तरी सांगावं."

तिने खुर्ची ओढली, बसली, आणि नवऱ्याला खुणेने दार लावून घ्यायला सांगितलं.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्या कापापासून सांगा. मला काही घाई नाही."